मागच्या रोटरची तिसरी बाजू

बोनेटवर तळहात ठेवला. कोमट.
येताना यारिएलला एवढंच सांगितलं होतं मी:
इंजिन थंड हवं. आधी गरम करून ठेवणारा माणूस
काहीतरी झाकत असतो.

"सकाळी चालवली?"
एव्हारिस्तो गाडीच्या छपराखाली खांबाला टेकून उभा,
हातात कॉफीची पिटुकली पेली.
"चालवली," म्हणाला. पुढे काही नाही.

पुठ्ठा अंथरून खाली शिरले.
समुद्र इथून चार वळणांवर. अग्वादाचा खारा वारा
कुणाला न विचारता पत्रा खातो.
दारांखालच्या पट्ट्या टोकरल्या. डावी टणक,
उजवीत स्क्रूड्रायव्हर गेला
भिजल्या पावात जावा तसा.
वर ताजा काळा रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा.
यारिएलला हाक मारून दाखवलं,
तर हा आरसा पुसतोय, स्वतःच्या शर्टानं.
गेलं पोरगं.

"तेल किती पिते?"
रोटरीला हे विचारायचंच असतं.
पिते म्हणणारा खरा, थेंबभर नाही म्हणणारा
एक तर लबाड, नाहीतर पंप काढून बसलेला.
त्यानं वही आणली, मुलीची जुनी शाळेची,
कव्हरवर गुलाबी घोडा.
दर टाकीला एक ओळ. तारीख, तेल, कुठे गेलो.
सप्टेंबर २०१७ला तीनच शब्द:
पेट्रोल जनरेटरला दिलं.

रेडिएटरचं झाकण उघडलं. बुडबुडे नाहीत.
धुराला गोडसर वास नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण माणसांबद्दल बोलतो;
या इंजिनात तो अंदाज नव्हे, मृत्यूचा दाखला.
तो नव्हता.

मग खालचे प्लग काढले, मापक बसवलं,
झडप दाबून धरली.
"पाय दाब. फिरव किल्ली."
पिस्टन नाही इथे, झडपांची टकटक नाही,
एक फुगीर त्रिकोण कवचात गरगरतो
आणि त्याची प्रत्येक कड बोटभर सीलच्या भरवशावर.
पुढचा रोटर:
फस् फस् फस्, फस् फस् फस्,
काटा तिन्ही वेळा तेवढाच उडतोय.
मागचा:
फस् फस् हं
फस् फस् हं
यारिएल आतून ओरडला, "छान वाजतंय ना, तीती?"
तीन तिघाडा, काम बिघाडा.
मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
दोन श्वास आणि एक उसासा.

प्लग परत लावले, वीस मिनिटं पळवून आणली, बंद केली,
पाच मिनिटं गप्प बसलो तिघं.
मग किल्ली. स्टार्टर फिरत राहिला
फिरत राहिला
एव्हारिस्तो जमिनीकडे बघत होता
आणि लागली. खोकत, पण लागली.
दिव्यांचं बटण दाबलं तर एकच पापणी उघडली.

"बहात्तर," मी म्हटलं. "इंजिन मेलेलं धरून किंमत सांगा."
"मेलेलं नाही, नेरेइदा. म्हातारं आहे."
"सीलना म्हातारपण नसतं. असतात, मग नसतात."
तो हसला नाही. नऊशे उतरवले, मी मागितले होते सहाशे.
"ऑर्लँडोला मुलीकडे एकच पार्किंग," म्हणाला,
"सकाळी रिंकोनच्या दीपगृहापर्यंत गेलो होतो.
तुला फसवायला नव्हती गरम केली."

पैसे मोजून झाले, कागद झाले.
यारिएल सीट पुढे ओढतोय, मागे ढकलतोय,
पुन्हा पुढे.
मी वहीसाठी हात केला.
"थांब," म्हणाला, पेन शोधलं,
पेली बोनेटवर ठेवली, आणि आजच्या तारखेखाली
हळू, ठसठशीत लिहिलं:
दीपगृह. अर्धा लिटर.
मागचा रोटर, तिसरी बाजू, बहात्तर.
नेरेइदानं मोजलं. बरोबर आहे.